तुरुंग आणि आपण



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्हांला प्रथम वाटले की, विषयाच्या जागी काहीतरी घोटाळा झालेला आहे. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार यांवर आम्ही दोन तास बोलू शकतो. त्यासाठी मध्यरात्री उठवले तरी चालेल. पण पत्रात विषय होता तुरुंगाचा. चिटणिसांना विचारले तर ते म्हणाले, "तुम्ही आत राहून आलात आणि पाहुणे म्हणूनही जाऊन आलात. दोन्ही दारांनी गेलेला माणूस आम्हांला दुसरा मिळाला नाही." ते खरे आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पंडिती व्याख्यानाची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे पाहिले आणि त्यासंबंधी जे वाचले तेवढे सांगावयाचे आहे.

आपल्या मराठी माणसाला तुरुंग अनोळखी नाही. लोकमान्य मंडालेला होते, येरवड्यास महात्माजी होते, पुणे करार १९३२ साली त्याच भिंतींच्या आत झाला. विनोबांची गीतेवरची प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. तुरुंगाचे एवढे देणे असलेली भाषा क्वचितच असेल. पण या सगळ्या वाङ्मयात तुरुंग दिसतो तो राजबंद्याच्या डोळ्यांनी. शेजारच्या बराकीत सायकल चोरलेला, दारू पिऊन मारामारी केलेला, नाहीतर काहीच न केलेला जो माणूस होता, त्याने काही लिहिले नाही. त्याला लिहिता येत नव्हते. स्वराज्य आले, राजबंदी बाहेर आले, काही मंत्रीही झाले. तो आतच राहिला. आजचे व्याख्यान त्याच्याविषयी आहे.

१९९७ साली एका कारखान्याच्या संपात आम्हां एकोणीस जणांना बेकायदा जमाव केल्याबद्दल धरले आणि अकरा दिवस एका जिल्ह्याच्या कारागृहात ठेवले. कारागृहाचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण त्यानंतर आणखी काही पाहिली, रंगाखेरीज फारसा फरक आढळला नाही. बराकीच्या दारावर पाटी होती, क्षमता चाळीस. आम्ही गेलो तेव्हा आत एकशे सहा माणसे होती आणि आमच्यामुळे ती एकशे पंचवीस झाली. आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे झोपण्याच्या बराकीत एका माणसाला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट जागा मिळावयास हवी. आम्हांला मिळाली ती एक कुशीवर झोपण्यापुरती. एकाने कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांनी बदलावयाची. तीही सर्वांना नव्हे. रात्रीच्या दोन पाळ्या होत्या. अर्धे लोक झोपत, अर्धे भिंतीला टेकून बसत. गिरणीत तीन पाळ्या असतात हे आम्हांला ठाऊक होते. झोपेला पाळ्या असतात हे तिथे कळले. संध्याकाळी गिनती होऊन टाळे लागले की सकाळपर्यंत एकशे पंचवीस माणसांना दोन संडास, त्यांतला एक तुंबलेला. नव्या माणसाची जागा संडासाच्या दाराशी असते. जुना सुटला की सगळे एकेक हात पुढे सरकतात. या सरकण्यालाच तिथे बढती म्हणत.

आमच्यातला एक तरुण फिटर तिसऱ्या रात्री रडू लागला. तेव्हा शेजारी पडलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला स्वतःच्या जागेवर घेतले आणि आपण उठून बसला. सकाळी आम्ही त्याची चौकशी केली. तांब्याची तार चोरल्याचा आरोप होता. जामीन मंजूर होऊन सात महिने झाले होते. जामीन मंजूर, आणि माणूस आत! आम्हांला वाटले, म्हातारा थाप मारतो आहे. तो थाप मारत नव्हता. जामिनाची रक्कम होती पाच हजार, आणि एक लायक जामीनदार हवा होता. जामीनदार म्हणजे ज्याच्याजवळ ऐपतीचा दाखला, सातबारा नाहीतर घराची कागदपत्रे आहेत असा माणूस. म्हाताऱ्याच्या ओळखीत असा माणूस असता तर तो तार चोरण्यापर्यंत आला असता काय? आमच्यासाठी मात्र अकराव्या दिवशी युनियनने एकोणीस जामीनदार उभे केले आणि आम्ही हारतुरे घालून बाहेर पडलो. गेटवर घोषणा झाल्या. म्हातारा बराकीच्या गजांशी उभा होता की नव्हता, ते आम्ही वळून पाहिले नाही.

आता जरा आकडे सांगतो. कामगार चळवळीतला माणूस आकड्यांशिवाय बोलू लागला की त्याच्यावर विश्वास ठेवू नये. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत माणसे होती ५,७३,२२०. शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस. हा झाला सरासरीचा आकडा, आणि सरासरीत नेहमी गरिबाचे हाल लपतात. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण दीडपटीच्या वर होते. या सभागृहापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर १८७१ साली बांधलेले येरवडा कारागृह आहे. तिथे गेल्या काही वर्षांत मंजूर क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी राहिलेले आहेत. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची गोष्ट त्याहून अवघड.

पण खरा आकडा पुढेच आहे. त्या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ हे कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हावयाचा आहे असे. चारातले तीन! आपण समजतो तुरुंग हे शिक्षा भोगण्याचे ठिकाण. प्रत्यक्षात ते वाट पाहण्याचे ठिकाण आहे. म्हणून कोणी म्हणाले की गर्दी झाली, नवे तुरुंग बांधा, तर आमचा त्याला विरोध नाही. पण ज्या घराचे तीन-चतुर्थांश भाडेकरू चुकून आलेले असण्याचा संभव आहे, त्या घरावर मजले चढवण्याआधी दार तपासावे असे कोणीही शहाणा म्हणेल.

आणि दार कुठे अडते? एक तर तारखेला न्यावयास पोलीस पथक नसते, म्हणून तारीख चुकते. दृक्‌श्राव्य यंत्रणा आली, तिने काही काम हलके केले, पण पडद्यावर दोन मिनिटे चेहरा दाखवला म्हणजे वकिलाशी बोलणे झाले असे नव्हे. दुसरे, आणि आमच्या मते मोठे, म्हणजे जामीनदार. याविषयी कायदा आंधळा आहे असेही नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. खालच्या न्यायाधीशाने त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला आणि त्याचा भाऊ जामीन राहावयास आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले आणि गरिबाकडे असा जामीन मागणे म्हणजे काय, हे चांगल्या कडक शब्दांत लिहून ठेवले. आम्ही तो निकाल युनियनच्या कचेरीत बसून, शब्दकोश उघडून वाचला. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीपेक्षाही अधिक काळ खटल्याची वाट पाहत पडलेली माणसे जगापुढे आली. नंतर कायद्यात सुधारणा झाली की, गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेची निम्मी मुदत कच्च्या कैदेत गेली तर माणूस सोडावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे त्याच्यासाठी ही मुदत एक-तृतीयांशावर आली, आणि अर्ज करण्याची जबाबदारी थेट कारागृहाच्या अधीक्षकावर टाकली. फाशीच्या आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही सवलत जुन्या प्रकरणांनाही मिळेल. २०२३ साली गरीब कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत सरकारी मदतीची योजनाही आली. कागदावर आपण पुष्कळ पुढे आलेलो आहोत. मग कागद आणि बराक यांच्यामध्ये कोण उभे राहावे?

इथे आमची दुसऱ्या दाराची हकिगत येते. ती आम्हांला भूषणावह नाही.

१८९४ चा तुरुंग कायदा इंग्रजांनी केला. तो कडक होता, पण त्यातही त्यांनी एक खिडकी ठेवली होती: तुरुंगाला भेट देणारे अभ्यागत नेमण्याची. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी हे पदसिद्ध, आणि त्यांच्याबरोबर गावातले काही बिनसरकारी नागरिक. यांनी आत जावे, अन्न चाखावे, कैद्यांशी बोलावे आणि अभिप्रायवहीत लिहावे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने बसू प्रकरणात राज्यांना पुन्हा बजावले की, असे बिनसरकारी अभ्यागत नेमण्याचा विचार करा. २०११ साली आम्हांला एका कारागृहाच्या अशा मंडळावर घेण्यात आले. कामगार पुढारी म्हणून कोणा अधिकाऱ्याला नाव सुचले असावे. पत्र आले, कचेरीत पेढे वाटले गेले. गुन्हेगार म्हणून गेलो तिथे आता पाहुणे म्हणून जाणार!

पहिली भेट ठरवून दिलेल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता झाली. चुन्याचा ताजा वास होता. बराकीत पन्नास-साठ माणसे, वळकट्या सरळ रेषेत. स्वयंपाकघरात डाळ चाखली, चांगली दाट होती. रांगेपुढे उभे राहून आम्ही विचारले, "काही तक्रार आहे का?" कोणी बोलले नाही. मागे तुरुंगाधिकारी उभे होते. मग कचेरीत चहा, बिस्किटे झाली आणि वही पुढे आली. आम्ही लिहिले: "स्वच्छता समाधानकारक. अन्न उत्तम. बंद्यांची काही तक्रार नाही." खाली सही, तारीख.

दोन महिन्यांनी एक हमाल कचेरीत आला. तो त्या बराकीतून नुकताच सुटला होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही आला होतात ना, तेव्हा मी तुमच्या समोरच होतो. दुसऱ्या रांगेत." आम्ही म्हटले, मग बोलला का नाहीस? तो हसला. म्हणाला, "तुम्ही चहा पिऊन घरी गेलात, भाऊ. आम्हांला रात्र तिथंच काढायची होती." मग त्याने सांगितले की, सकाळी नऊलाच साठ-सत्तर जणांना बराकीतून काढून कामाच्या शेडमध्ये नेऊन बसवले होते. आणि ती डाळ? "त्या दिवशी डाळीत डाळ होती."

बंधूंनो, कारखान्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असला की आदल्या रात्री यंत्रांना जाळ्या बसतात, रोजंदारीवरच्या पोरांना मागच्या दाराने सुट्टी मिळते आणि पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली जाते. इन्स्पेक्टरसाहेब मालकाच्या केबिनमध्ये बसून शेरा लिहितात. पंचवीस वर्षे आम्ही या इन्स्पेक्टरांची टिंगल केली, द्वारसभेत त्यांच्या नकला केल्या. आणि आमच्या हातात वही आली तेव्हा आम्ही अक्षरशः तेच केले; आम्हांला तर कोणी पाकीटही दिले नव्हते, दोन बिस्किटांवर काम भागले. ज्या माणसाने स्वतः अकरा रात्री तिथे काढल्या होत्या, त्याला हे समजू नये? विचार करता असे वाटते की, आम्हांला ते समजत होते. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरच्याने 'साहेब' म्हटले की बऱ्याच गोष्टी दिसेनाशा होतात.

त्यानंतर आम्ही ठरवलेल्या दिवशी जाणे सोडले. संध्याकाळी, गिनतीच्या आधी जात असू, कारण शेडमध्ये बसवलेली माणसे रात्री कुठेतरी झोपावीच लागतात. "तक्रार आहे का" हा प्रश्न सोडून दिला. त्याऐवजी आकड्याची उत्तरे येतील असे विचारावयाचे: तुझी शेवटची तारीख कधी होती? वकिलाचे नाव काय? जामीन किती? संडास किती आणि चालू किती? औषध मागितल्यापासून किती दिवसांनी मिळाले? अशा प्रश्नाचे उत्तर देताना कैदी कोणाविरुद्ध बोलत नाही, त्यामुळे तो घाबरत नाही; आणि शिपाईही अडवत नाही. दोन भेटींत असे नऊ जण निघाले की ज्यांचा जामीन होऊन तीन महिने उलटले होते. नऊही जण गावाबाहेरचे: कोणी बांधकामावरचा, कोणी ऊसतोडीचा, कोणी हॉटेलातला. आम्ही हा प्रश्न युनियनच्या कार्यकारिणीपुढे ठेवला. गावाकडे थोडीबहुत जमीन असलेल्या सहा सभासदांनी सातबारे काढून दिले आणि सहा माणसे सुटली. पाचजण तारखांना येत राहिले. सहावा नाहीसा झाला.

ज्या सभासदाने त्याला जामीन दिला होता त्याला पंधरा हजार भरावे लागले. पगार किती असेल ते आपण ओळखा. त्या महिन्याच्या सभेत आमच्यावर जे बोलले गेले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. "चोरांसाठी युनियन काढली काय?" हा त्यातला सौम्य प्रश्न. एक तर म्हणाला, "भाऊ, तुम्ही अकरा दिवस आत राहिलात तेव्हा आमच्या घरच्यांनी उपास काढले, आता तुम्ही आमच्या जमिनी गहाण टाकता?" आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. वर्गणी काढून पैसे फेडले, त्याला आठ महिने लागले. पुढे जामीन देण्याचे काम थांबले ते थांबलेच. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अशा सभांतून सुधारणेच्या कामाचे यशच तेवढे सांगण्याची रीत आहे. शंभरांत काही माणसे पळणार. तो धोका सरकारने पत्करावयाचा की पंधरा हजार पगाराच्या कामगाराने, एवढाच प्रश्न आहे. आणि आमचे मत स्पष्ट आहे की तो सरकारने पत्करावा, कारण एक माणूस वर्षभर आत ठेवण्याचा खर्चही सरकारच, म्हणजे आपणच, करतो.

आतल्या शिपायांविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. तोही कामगारच आहे. २०२२ च्या अखेरीस देशात तुरुंग खात्याच्या दर दहा मंजूर जागांपैकी सुमारे तीन रिकाम्या होत्या. दोन माणसांचे काम एक करतो, रजा मिळत नाही, सरकारी चाळीला गळती. तो क्रूर आहे म्हणून ओरडतो असे नेहमीच नसते. एकशे पंचवीस माणसांना एकट्याने आवरावयाचे तर ओरडण्याखेरीज दुसरे हत्यार त्याच्याजवळ नसते. याचा अर्थ मारहाणीला माफी असा कोणी करू नये. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात एका बंदिनीचा मृत्यू झाला. अंडी-पाव कमी पडल्याच्या वादातून मारहाण झाली असा आरोप होऊन सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्या बातमीला वाचा फुटली ती आतल्या स्त्रियांनी छपरावर चढून आरडाओरडा केला म्हणून. अभिप्रायवही जिथे बोलत नाही तिथे माणसाला छपरावर चढावे लागते.

आता काम आणि सुधारणा. सक्तमजुरीच्या कैद्याकडून सुतारकाम, विणकाम, शेती करून घेतात. १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, काम घेण्यास हरकत नाही, पण त्याला न्याय्य मजुरी द्या, आणि तिच्यातला काही भाग ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या कुटुंबासाठी राखा. हा शेवटचा भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. चोराने कमवावे आणि ज्याची चोरी झाली त्याला द्यावे, यात दोघांचीही माणुसकी राहते. पण मजुरी इतकी थोडी असते की, राखावयाचे काय आणि घरी पाठवावयाचे काय? भिंतीच्या आत आहे म्हणून श्रमाची किंमत उतरत नाही. त्याने केलेली खुर्ची काही बसणाऱ्याला कमी टेकू देत नाही. आणि काम वाटण्यात जात! काही राज्यांच्या नियमपुस्तकांत झाडूकाम अमुक जातींनी करावे, स्वयंपाक तमुकांनी करावा असे लिहिलेले होते. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे होत आली तेव्हा! त्यात पुन्हा, हे काम आणि हे शिक्षण आहे ते पक्क्या कैद्याला. चारातले तीन जे कच्चे, त्यांना हक्काने काही नाही. दिवसभर बसून राहावयाचे आणि शेजाऱ्याकडून जो काय धंदा शिकता येईल तो शिकावयाचा.

सुधारणा होत नाही असे मात्र कोणी आम्हांला सांगू नये. औंध संस्थानात १९३९ साली, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनियरच्या कल्पनेवरून राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी कैद्यांची खुली वसाहत वसवली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणावयाचे धाडस राजाने केले! भिंत नाही, कैदी बायकामुलांसह राहून शेती करणारे. त्याच भागातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट बर्लिनपर्यंत गाजला, आपण सर्वांनी डोळे पुसले. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून अशीच खुली छावणी आहे; कैदी सकाळी गावात कामाला जातात, स्वतःच्या कमाईवर संसार करतात, संध्याकाळी हजेरी त्यांचीच पंचायत घेते. महाराष्ट्रातही येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहे झाली. तिथे माणसामागे खर्च कमी, पहारा कमी, पळणारे थोडे. मग बंद तुरुंग तुडुंब भरलेले असताना या पद्धतीचा विस्तार इतका सावकाश का? आमचा अंदाज असा की, कैदी पळाला तर अधिकाऱ्याची चौकशी होते; बराकीत माणूस कुजला तर कोणाचीच होत नाही. कारखान्यातही उत्पादन थांबले तर फोरमनला विचारतात, हात तुटला तर नशिबाला.

बिनसरकारी अभ्यागतांच्या जागा पुष्कळ ठिकाणी रिकाम्या असतात, नाहीतर पत्रावर भरलेल्या असतात. या सभेत निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, हिशेब तपासणारे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी करावी, अर्ज करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी कोर्टाच्या आवारातच असते. तिथे जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी विचारावी. आणि नेमणूक झालीच तर सकाळी अकराला जाऊ नये, आणि तिथला चहा घेऊ नये.

आमची मुदत २०१४ साली संपली. पुन्हा पत्र आले नाही. शेवटच्या भेटीत आम्ही वही मागे उलटून आमचे पहिले पान काढले आणि अधीक्षकांना म्हटले, "हा शेरा चुकीचा आहे, तो आम्हांला खोडून द्या." ते भले गृहस्थ होते. त्यांनी नियमावली मागवली, चाळली आणि सांगितले की अभिप्राय लिहिण्याची तरतूद आहे, खोडण्याची नाही. तेव्हा ते पान अजून तिथे असेल, आमच्या सहीचे.